दुसऱ्या मजल्यावरचं सेल्फ पोर्ट्रेट

"मॅम, माझं सेल्फ पोर्ट्रेट खाली येऊ शकत नाही," भाग्या म्हणाली.

मी जुरीचं, म्हणजे मुलांची कामं तपासायच्या दिवसाचं, टाइमटेबल लावत बसले होते. वाक्य ऐकू आलं, पण अर्थ लागला नाही. 'झालं नाही' हे मी ओळखते. 'फाटलं', 'अजून ओलं आहे', 'मांजर चाललं त्याच्यावरून' हेही माझ्या ओळखीचं आहे. 'खाली येऊ शकत नाही' हे नवीन होतं.

"आत्ता कुठे आहे ते?"

"बिल्डिंगवर. के. आर. पुरमला, आमच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर. तारेने बांधलंय."

"कोणी?"

"मेस्त्रीने. आणि आता अप्पा काढू देत नाहीत."

"का?"

भाग्या जमिनीकडे बघत म्हणाली, "स्लॅब नीट झाला ना मॅम, म्हणून."

मी टाइमटेबल बाजूला ठेवलं आणि तिला बसायला सांगितलं.

मी येलहंकाच्या पुढे एका डिझाइन कॉलेजात फाउंडेशनला शिकवते. फाउंडेशन म्हणजे पहिलं वर्ष. पुढे जाऊन कोणी खुर्च्या बनवणार असतं, कोणी कपडे, कोणी फोनमधली ॲप्स. पण पहिल्या वर्षी सगळ्यांना एकच गोष्ट शिकवायची असते, ती म्हणजे बघणं. ते शिकवणं कटकटीचं आहे, कारण बघणं आपल्याला येतंच असं प्रत्येकाला वाटतं. मी मूळची नाशिकची. नवऱ्याच्या नोकरीमुळे बंगळुरात आले आणि इथलीच झाले. घर बनशंकरीला, कॉलेज येलहंकाला. ज्यांना हे शहर माहीत आहे ते एवढ्यावरच माझी कीव करतील, तेव्हा रोजच्या प्रवासाबद्दल काही लिहीत नाही.

दुसऱ्या सेमिस्टरला मी सेल्फ पोर्ट्रेट देते. पूर्वी समोर आरसा ठेवून काढायला लावायची. मग मुलं फोनमधल्या सेल्फीवरून काढायला लागली. सगळ्यांची मान एकाच बाजूला कललेली, सगळ्यांचे ओठ सारखेच. एका वर्षी तर एकाने एआयकडून करून घेतलेला प्रिंट आणला. त्यात त्याच्या हाताला सहा बोटं होती आणि तो मला "एक्स्प्रेशन आहे मॅम" असं समजावत होता. तेव्हापासून मी दोन गोष्टी केल्या. एक, फोटो किंवा फाइल घ्यायची नाही, प्रत्यक्ष काम समोर पाहिजे. आणि दुसरी, ब्रीफच बदललं. ब्रीफ म्हणजे काय करायचं, कशाने करायचं आणि काय चालणार नाही याची लेखी सूचना.

नवीन ब्रीफ असं होतं. आठवडाभर आरसा नाही, कॅमेरा नाही. रोजच्या धावपळीत तुम्ही स्वतःला जिथे जिथे दिसता तिथे बघा. बसची काच, चमचा, लिफ्टचं दार, काहीही. त्यातलं एक निवडा आणि मोठं रंगवा. घरात जे सामान, जे रंग असतील तेच वापरा. सुंदर दिसायची गरज नाही. हे शेवटचं वाक्य मी ठळक अक्षरांत टाकलं होतं.

भाग्या म्हणजे भाग्यश्री जाधव. ही मंडळी कितीतरी पिढ्यांपूर्वी बंगळुरात आली. किती, ते त्यांनाही सांगता येत नाही. घरी मराठी बोलतात, पण त्यात कानडी इतकं मिसळलेलं की भाग्या पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलली तेव्हा मी तिला इंग्रजीतून उत्तर दिलं होतं. शांत मुलगी. हात चांगला. पण सेमिस्टरच्या सुरुवातीला टायफॉइड झाला आणि एक असाइनमेंट पूर्ण बुडालं. आता हेही गेलं असतं तर ती नापास झाली असती. फाउंडेशनला नापास म्हणजे अख्खं वर्ष पुन्हा. आणि ते पुन्हा होणार नव्हतं, हे मला माहीत होतं. वडिलांनी डिझाइनला एकाच अटीवर हो म्हटलं होतं, एक वर्ष बघू, नाही जमलं तर बीकॉम. घराजवळचं कॉलेजसुद्धा त्यांनी हेरून ठेवलं होतं.

"सुरुवातीपासून सांग," मी म्हटलं.

तिने सांगितलं. त्यांचं घर बांधायला काढलंय. तळमजल्यावर राहतात, वर दोन मजले चढतायत. कॉलेजला निघायच्या आधी कामावरच्या लोकांसाठी पिण्याच्या पाण्याची स्टीलची घागर भरून ठेवायची, हे तिचं रोजचं काम. घागरीच्या फुगीर पोटात तिला स्वतःचा चेहरा दिसतो. जवळ गेलं की डोळे वाटीएवढे होतात, नाक बटाट्यासारखं फुगतं, कान मागे पळून जातात. मग ती डोळे मोठे करते आणि जीभ बाहेर काढते.

"रोज?"

"रोज. कोणी नसताना. लहानपणापासून करते."

मला हे फार आवडलं. नेमकं हेच मला हवं होतं. तिने ते शटरिंगच्या फळीवर काढलं. शटरिंगची फळी म्हणजे स्लॅब ओतताना खालून आधाराला लावतात तो जाड प्लाय. चेहऱ्याला रेड ऑक्साइड, म्हणजे ग्रिल गंजू नये म्हणून लावतात तो तांबडा रंग. डोळ्यांना भिंतीचं पांढरं प्रायमर. सगळं बांधकामावरचंच, अगदी ब्रीफप्रमाणे. आणि वाळायला म्हणून दुसऱ्या मजल्यावर भिंतीला टेकवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी स्लॅब होता. मुनियप्पा मेस्त्री वर गेले. त्यांना दिसला तांबडाभडक चेहरा, बटबटीत डोळे, लोंबणारी जीभ. त्यांना वाटलं, मालकाच्या मुलीने घरासाठी दृष्टी गोंबे काढली. त्यांनी ती समोरच्या बाजूला, रस्त्यावरून दिसेल अशी बांधून टाकली.

आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून काळी बाहुली किंवा कोहळा बांधतात, तशी इकडे बांधकामावर दृष्टी गोंबे. भयानक चेहऱ्याचं चित्र. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर आधी त्याच्यावर पडते आणि तिथेच अडकते, घर वाचतं. ती एकदा लावली की गृहप्रवेशापर्यंत काढायची नाही.

"वडिलांना सांग ना, कॉलेजचं काम आहे म्हणून."

"सांगितलं. म्हणाले, दुसरं काढ."

"मग दुसरं काढ."

"काढलं मॅम." तिने फोनवर फोटो दाखवला. खरंच काढलं होतं. नीटनेटकं होतं आणि त्यात जीव नव्हता. घाबरून काढलेलं चित्र लगेच कळतं. ब्रश कडेकडेने चालतो. हे दिलं तर ती काठावर तरी पास होईल का, याची मला खात्री वाटेना.

"ते तुझं पोर्ट्रेट आहे, हे सांगितलंस घरी?"

ती एकदम बोलायला लागली. "मॅम, गल्लीतली बारकी मुलं ते बघून रडतात. मामा आला, तो म्हणाला, असलं स्वप्नात यायला नको. अप्पा तर येईल त्याला सांगतात, बघा माझ्या मुलीने किती भयंकर काढलंय. सगळे हसतात. मी कसं सांगू, ती मी आहे म्हणून?"

मला वाईट वाटलं. सुंदर दिसायची गरज नाही असं ठळक अक्षरांत लिहिणं सोपं असतं. मी उठून एचओडींकडे गेले.

आमचे एचओडी थॉमस सर नियमाचे पक्के. त्यांच्याशी बोलणं इंग्रजीत झालं, ते साधारण असं.

"सर, एका मुलीचं काम बिल्डिंगवर आहे आणि घरचे ते उतरवू देत नाहीत."

"म्युरल आहे का?"

"नाही. दृष्टी गोंबे झालीये."

"झालीये म्हणजे? तिने दृष्टी गोंबे काढली?"

"तिने स्वतःला काढलं. लोकांनी गोंबे केली."

थॉमस सरांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे हे सेल्फ पोर्ट्रेट आहे की अप्लाइड आर्ट?"

ते थट्टा करत होते की खरंच विचारत होते, मला अजून माहीत नाही.

"फोटोवर मार्क देऊ का?"

"फोटो नको हा नियम तुम्हीच केलात."

"मग जुरीच तिकडे नेऊ?"

"परांचीवर? इन्शुरन्सवाल्यांना काय सांगू?" ते म्हणाले. "काम आणा. काम आलं तर जुरी."

जुरी दोन दिवसांवर होती. मी भाग्याला म्हटलं, उद्या मी येते तुमच्या घरी.

दुसऱ्या दिवशी के. आर. पुरमला पोचले. रिक्षावाल्याने गल्लीच्या तोंडाशी सोडलं. थोडं चालल्यावर एक अर्धवट बांधलेली इमारत दिसली आणि तिच्यावर एक मोठा चेहरा. मी थांबले. चेहरा निळा होता. शिंगं होती. आणि जाडजूड मिशा.

मी गोंधळले. घागरीत शिंगं कशी दिसतील? पण मी शिक्षक आहे, मला आधी स्वीकारायचं आणि मग विचारायचं शिकवलं गेलंय. मिशी म्हणजे घरातल्या वडिलांच्या वर्चस्वावर काही भाष्य असावं का? निळा रंग उदासीचा? रेषा मात्र फारच सफाईदार वाटली, या मुलीकडून मला ती अपेक्षित नव्हती. मी मागे सरकून, मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिले. फोटोही काढला.

"मॅम," मागून भाग्याचा आवाज आला. "ते दुकानातलं आहे. आमचं पुढे."

मी फोन पर्समध्ये टाकला आणि तिच्या मागून निघाले.

त्यांचं घर गल्लीच्या वळणावर होतं. वर बघितलं आणि मी खरोखर दचकले. तांबडा चेहरा, त्यावर सिमेंटचे शिंतोडे, एका बाजूला पांढऱ्या चुन्याचा ओघळ. खाली लिंबू-मिरच्यांची माळ, ती मेस्त्रींची भर. डोळे असे की मी डावीकडे सरकले तरी माझ्यावर, उजवीकडे सरकले तरी माझ्यावर. ती भाग्या आहे असं कोणी सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं. पण सांगितल्यावर दिसली. भुवईत एक खाच होती. भाग्याच्या भुवईत आहे तशीच, फक्त दुसऱ्या बाजूला. प्रतिबिंब बघून काढलेल्या चित्रात डावं-उजवं उलटतं. म्हणूनच रोज तिला समोर बघणाऱ्यांनाही ती ओळखू आली नसावी.

चित्र अतिशय चांगलं होतं. इतक्या वर्षांत या ब्रीफला आलेलं सगळ्यात चांगलं. आणि ते माझ्या डोक्यावर दोन मजले उंच, तारेने आवळलेलं होतं.

"या मॅडम, या की," जाधव अण्णा बाहेर आले. पन्नाशीचे, धिप्पाड, शर्टावर सिमेंट. गल्लीत सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. "आत बसा. स्वल्प कॉफी घ्या. बघितलंत? आमची राखणदार!"

"बघितलं."

"तुमच्या कॉलेजात राक्षस काढायला शिकवतात की काय?"

"नाही, ते सेल्फ..." भाग्याने माझ्याकडे असं बघितलं की माझी जीभ अडखळली. "सेल्फ स्टडी असतो मुलांना."

"बरं झालं शिकवलंत." अण्णांनी खुर्ची पुढे ओढली. "हिला लावायच्या आधी काय काय झालं म्हणून सांगू? मिक्सर बंद पडला. वाळूची लॉरी गल्लीत अडकली, लोकांची भांडणं. मुनियप्पाचा माणूस शिडीवरून घसरला, हात मोडला बिचाऱ्याचा. ही लावली आणि स्लॅब असा झाला मॅडम, बघत राहावं! आभाळ भरून आलेलं, एक थेंब पडला नाही."

भाग्याच्या आईने कॉफी आणली. स्टीलच्या पेल्यातली, वर फेस. "घ्या अक्का," म्हणाल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या.

मी मुद्द्यावर आले. हे काम उद्या जुरीला लागणार, जुरी म्हणजे बाहेरचे आणि कॉलेजचे असे तिघे जण काम बघतात, प्रश्न विचारतात, मार्क देतात. फक्त एका दिवसासाठी द्या, मी स्वतः परत आणून पोचवते.

"मध्येच काढायचं नसतं मॅडम."

"दुसरं लावा तेवढ्यापुरतं."

"तसं नाही चालत. लावलं ते लावलं."

"अण्णा, काम नसेल तर ती नापास होईल. वर्ष जाईल."

अण्णांनी पेला खाली ठेवला. विचार केला. त्यांना मुलीचं वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे मोडलेला हातही होता. वरच्या मजल्याचं काम अजून बाकी होतं. "काय करायचं मग," ते शेवटी म्हणाले. "जाऊ दे. तसं पण बीकॉमच बरं हिला. घराजवळ आहे, आईला मदत होईल. सरी."

'सरी', म्हणजे 'ठीक आहे'. ते त्यांनी अगदी सहज म्हटलं. मी भाग्याकडे बघितलं. ती उठून उभी राहिली होती.

"अप्पा, ती मी आहे."

"तूच काढलीस, माहीत आहे की."

"काढली म्हणून नाही. तो माझा चेहरा आहे. कॉलेजचं ते काम हेच होतं, स्वतःला काढायचं."

अण्णा हसले. "काय तरी बोलते. तू अशी आहेस?"

भाग्या बाहेर गेली. ओट्यावर पाण्याची घागर होती. "या इकडे," तिने हाक मारली. अण्णा गेले, मागोमाग आम्ही. तिने त्यांना घागरीसमोर वाकायला लावलं आणि स्वतः शेजारी वाकली. घागरीत दोन फुगीर चेहरे दिसले, एक मोठा, एक लहान. मग तिने डोळे मोठे केले आणि जीभ बाहेर काढली.

अण्णांनी घागरीत बघितलं. मग मान वर करून फळीकडे बघितलं. पुन्हा घागरीत बघितलं.

"भुवई," ते म्हणाले. बस, एवढंच. ती खाच भाग्या लहान असताना अण्णांच्या स्कूटरवरून पडल्याची होती. हे मला नंतर तिच्या आईने सांगितलं.

मुनियप्पा मेस्त्री वरून बघत होते, ते हसायला लागले. अण्णा हसले नाहीत. त्यांचा चेहरा पार उतरला. मला वाटलं होतं, फार तर ओशाळतील, चिडतील. तसलं काही नव्हतं. हा माणूस घाबरला होता.

"एवढे दिवस," ते म्हणाले, "सगळ्या गल्लीची नजर हिच्यावर पडते म्हणून मी खूश होत होतो. येईल त्याला बोलावून दाखवत होतो, बघा, बघा म्हणून. माझ्याच पोरीला."

"अप्पा, चित्र आहे ते," भाग्या म्हणाली.

पण अण्णा परांचीवर चढायला लागले होते. "बेडा अण्णा, बेडा!" मेस्त्री वरून ओरडले, नको नको म्हणून. "मी काढतो." अण्णांनी ऐकलं नाही. पक्कड घेऊन स्वतः तारा तोडल्या. फळी काखेत मारून खाली आले, चेहऱ्याची बाजू स्वतःच्या छातीकडे करून. गल्लीतल्या कोणाला ती दिसू नये म्हणून.

पुढचं सगळं फार भराभर झालं. भाग्याच्या आईने मीठ-मोहऱ्या आणल्या. आधी भाग्यावरून उतरवल्या. मग फळीवरून. मग माझ्याकडे वळल्या.

"मला कशाला?"

"तुम्ही पण किती वेळ टक लावून बघत होता, अक्का."

म्हणजे माझी दृष्ट त्यांना लागू नये म्हणून, की त्यांच्या फळीची मला लागू नये म्हणून, हे विचारायचं राहून गेलं. मी गुपचूप उभी राहिले. मोहऱ्या चुलीत तडतडल्या तेव्हा सगळ्यांनी सुस्कारा सोडला, मीसुद्धा.

मला वाटलं, झालं काम. मी फळीला हात घातला.

"कुठे नेता?" अण्णांनी विचारलं.

"जुरीला."

"तिथे काय करतात म्हणालात?"

"तिघे जण बघतात."

"टक लावून?"

"हो. तेच तर काम आहे त्यांचं."

"आणि चुका काढतात?"

"काढतात."

"मग अजिबात नको," अण्णा म्हणाले. "आत्ता कुठे उतरवली."

आता मात्र माझं डोकंच चालेना. आधी चित्र उतरत नव्हतं, कारण ते कोणाचं आहे हे माहीत नव्हतं. आता माहीत झालं होतं म्हणून ते घराबाहेर पडत नव्हतं. मी जुरी म्हणजे काय हे पुन्हा समजावलं. जितकं समजावलं तितकं ते भयंकर वाटायला लागलं. अनोळखी माणसं, बारकाईने बघणं, मग आपसांत बोलणं. खरं सांगते, बोलता बोलता मलाही पटायला लागलं की ही पद्धत जरा विचित्रच आहे.

भाग्या रडत नव्हती. ती फळीचा कोपरा धरून उभी होती. "अप्पा, मला लोकांनी बघू दे की," ती म्हणाली. "भयंकर म्हणून इतके दिवस बघितलं. आता एकदा मी म्हणून बघू दे."

तिची आई आत गेली आणि काजळाची डबी घेऊन आली. फळी भिंतीला टेकवून बसवली, बोटावर काजळ घेतलं आणि चित्रातल्या भाग्याच्या गालावर ठसठशीत तीट लावली. बाळाला लावतात तशी.

"आता न्या," त्या म्हणाल्या.

जुरीच्या आदल्या दिवशी विद्यार्थ्याच्या कामात दुसऱ्या कोणी हात घालायचा नाही, असा आमचा नियम आहे. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

जुरीच्या दिवशी सकाळी अण्णांनी फळी स्वतः टेम्पोतून आणली. जुन्या चादरीत गुंडाळून. आणि वर्गाबाहेर बाकावर बसून राहिले.

भाग्याचा नंबर आला. चादर काढली. बाहेरून आलेल्या जुरर बाई मोठ्या चित्रकार होत्या. त्या पुढे वाकल्या. "हा काळा डॉट," त्या म्हणाल्या. "फार स्ट्राँग निर्णय आहे. अख्ख्या चेहऱ्याचा बॅलन्स मोडतो. कसा सुचला?"

"माझ्या आईने लावलाय," भाग्या म्हणाली.

"अच्छा, म्हणजे कोलॅबोरेशन?"

"नाही मॅम. दृष्ट लागू नये म्हणून."

"कोणाची?"

भाग्याने बाईंकडे बघितलं. "तुमची."

बाई एक पाऊल मागे सरल्या. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

थॉमस सर फळीजवळ गेले. तारेचे वळ, सिमेंटचे शिंतोडे, चुन्याचा ओघळ, मिरचीच्या माळेची खूण, सगळं बोटाने मोजल्यासारखं दाखवलं. "यातलं तुझं किती, आणि बाकीच्यांचं किती? मार्क तुला द्यायचे आहेत, म्हणून विचारतो."

"चेहरा माझा आहे, सर," भाग्या म्हणाली. "बाकीचं माझ्यावर पडलं."

मग भाग्या बाहेर गेली आणि आमचा वाद सुरू झाला. चुन्याचा ओघळ हा कंपोझिशनचा भाग धरायचा का? मेस्त्रींना क्रेडिट द्यायचं का? तीट पुसून पुन्हा बघायचं का, असं तिसऱ्या जुररने विचारलं. चित्रकार बाई घाईघाईने म्हणाल्या, "नको, नको, राहू दे." शेवटी भाग्या पास झाली. टॉपर नाही, पण चांगल्या मार्कांनी. थॉमस सरांनी शेऱ्यात लिहिलं, काम प्रत्यक्ष मिळाले. त्यांच्या दृष्टीने मूळ प्रश्न तोच होता.

बाहेर अण्णा उभे राहिले. "काय म्हणाले?"

"पास," मी म्हटलं.

"नुसतं बघितलं, की बोलले पण?"

"बोलले. चांगलं बोलले."

अण्णांनी मान हलवली, फळी पुन्हा चादरीत गुंडाळली आणि घेऊन गेले. बीकॉमचा विषय त्या दिवशी निघाला नाही. पुढेही निघाला नाही. भाग्या आता दुसऱ्या वर्षाला आहे.

काही महिन्यांनी गृहप्रवेशाचं बोलावणं आलं. मी लवकर पोचले. पूजा सुरू व्हायची होती. सवयीने मान वर केली आणि जागच्या जागी थांबले. दुसऱ्या मजल्यावर, त्याच जागी, तारेने बांधलेला चेहरा होता. फुगलेलं नाक, वाटीएवढे डोळे, लोंबणारी जीभ. पण या खेपेला मिशा होत्या. मी आधी दुकानातलं समजले. एकदा फसलेली असल्यामुळे मग नीट बघितलं. ते जाधव अण्णा होते.

"भाग्याने काढलं," अण्णा शेजारी येऊन म्हणाले. नवीन धोतर, कपाळाला कुंकू. "मला घागरीसमोर बसवलं तासभर. जीभ दुखायला लागली."

"पण मध्येच काढून दुसरं लावायचं नसतं ना?"

"नसतंच. पण जागा रिकामी कशी ठेवायची?"

"मग दुकानातलं लावायचं. स्वतःचा चेहरा कशाला?"

"कोणावर तरी पडणारच ना मॅडम," अण्णा म्हणाले. "मग माझ्यावर पडू दे."

ते पूजेला आत गेले. मी अजून वरच बघत होते. मिशीच्या वर, गालावर, एक काळा ठिपका होता. मी डोळे बारीक करून बघितलं. तीट होती. लोकांची नजर घ्यायला टांगलेल्या माणसाला नजर लागू नये म्हणून बायकोने लावलेली. परांचीवर चढून. यातलं लॉजिक मी त्या दिवशी जेवताना लावत होते, अजून लागलेलं नाही.

ब्रीफमध्ये मी नंतर एक ओळ वाढवली. काम जुरी होईपर्यंत इमारतीवर टांगू नये. थॉमस सरांनी कारण विचारलं, मी सेफ्टी म्हणून सांगितलं.